१४५८ किलोहर्ट्झ : लंडनच्या हवेतली एक जागा

आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक रेडिओ असे आणि त्याच्या काचेवर, अगदी उजव्या टोकाकडे, नेलपॉलिशचा एक लाल ठिपका असे. काटा त्या ठिपक्यावर आला की हिंदी गाणे लागे. ठिपका कुणी लावला हे सांगायला नको. मुलांनी काटा पॉप गाण्यांकडे फिरवून ठेवला तरी आईला पोळी उलटता उलटता एका हाताने पुन्हा आपली जागा सापडायला हवी, एवढीच त्यामागची सोय होती. आकड्यांत सांगायचे तर ती जागा १४५८ किलोहर्ट्झ ही होती. त्याआधी हीच जागा ‘२०६ मीटर’ या नावाने ओळखली जाई.

या स्मरणिकेत आपल्या लोकांच्या येण्याविषयी, बोटींविषयी, पहिल्या गणपतीविषयी लेख आहेतच. आम्ही मात्र या एका जागेची हकीकत सांगणार आहोत. इमारतींना निदान पाटी लागते, हवेतल्या जागेला कुणी पाटी लावत नाही.

सुरुवात थोडी मागून करू. लंडनहून रेडिओवर मराठी बोलली जाऊ लागली ती १९४२ साली. दुसरे महायुद्ध चालू होते. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी बीबीसीच्या पूर्वविभागाने हिंदुस्तानी कार्यक्रम १९४० मध्येच सुरू केले होते, त्यांच्या जोडीला मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषा आल्या. युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रे इंग्रजीत लिहिण्याच्या कामावर जॉर्ज ऑर्वेल होते आणि त्यांचे मराठी रूप करून ते वाचणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. बाईंनी इंग्रजी बातम्याही वाचल्या. पुढे त्या परत गेल्या आणि १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली. बीबीसीचे ते मराठी प्रसारण मधल्या एका छोट्या खंडाखेरीज १९५८ पर्यंत चालले.

आता यातली गंमत पाहा. हे मराठी शब्द बोलले जात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या स्टुडिओत, पण जात ते लघुलहरींवरून, थेट हिंदुस्थानच्या दिशेने. लघुलहरी आभाळात चढतात, वरच्या थरावर आपटतात आणि हजारो मैलांवर खाली उतरतात. मधला प्रदेश कोरडाच राहतो. म्हणजे सांगलीच्या वाड्यात जे ऐकू येई, ते स्टुडिओपासून चार मैलांवर खोली घेऊन राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ऐकू येण्याची सोय नव्हती. लंडन मराठीत बोलत होते, पण लंडनच्या मराठी माणसाशी नव्हे.

१९५८ नंतर तेही थांबले. आणि नेमक्या त्याच सुमारास आपली माणसे संख्येने येऊ लागली. साठच्या दशकात डॉक्टर आले, परिचारिका आल्या, इंजिनिअर आले, हिशेबनीस आले. पुढे नैरोबी-कंपालाहूनही काही मराठी घरे आली. रेडिओवर त्यांच्यासाठी काय होते? १९६५ च्या ऑक्टोबरपासून बीबीसीचा ‘अपना ही घर समझिए’ हा रविवार सकाळचा कार्यक्रम होता. तो सोप्या हिंदुस्तानीत असे. या देशात कसे राहावे, डॉक्टरकडे कसे जावे, शेजाऱ्याशी कसे बोलावे, असा त्याचा सूर. हेतू चांगलाच होता. पण दिवसभर इस्पितळात स्वतःच डॉक्टर म्हणून उभ्या राहणाऱ्या आमच्या मंडळींना डॉक्टरकडे कसे जावे हे ऐकताना हसू येई. तरी ते ऐकत, कारण मध्ये गाणे लागे.

स्थानिक रेडिओ ही कल्पनाच इंग्लंडात उशिरा आली. बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र लेस्टरला, ८ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाले. लंडनचे केंद्र, बीबीसी रेडिओ लंडन, ६ ऑक्टोबर १९७० रोजी आले. ही केंद्रे सुरुवातीला फक्त व्हीएचएफवर, म्हणजे आज ज्याला आपण एफएम म्हणतो त्यावर होती, आणि सामान्य घरातल्या रेडिओत तो पट्टाच नसे. १९७२ पासून त्यांना मीडियम वेव्ह मिळू लागली. रेडिओ लंडनच्या वाट्याला आली ती २०६ मीटरची जागा. १९७६ पासून तिथे ‘लंडन साउंड्स ईस्टर्न’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि ठिपक्याची गोष्ट सुरू झाली.

कार्यक्रम सादर करत व्हर्नन कोरिया. हे मूळचे सिलोनचे, रेडिओ सिलोनवर नाव कमावलेले. आमच्यातल्या ज्यांनी लहानपणी बुधवारी रात्री बिनाका गीतमालेसाठी सिलोन लावले होते, त्यांना सिलोनचा माणूस लंडनमध्ये पुन्हा गाणी लावतो आहे याचे केवढे अप्रूप! ते बोलत इंग्रजीत, तेही शांत, घरच्या काकांसारखे. गाणी मात्र हिंदी. आठवड्यातून एकदा. त्या वेळी कुणाच्या घरी फोन करायचा नाही हा अलिखित नियम होता. दोन वर्षांपूर्वीच, १९७४ मध्ये, लताबाई रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये गाऊन गेल्या होत्या. ज्यांना तिकीट परवडले नव्हते ते या कार्यक्रमावर हिशेब भरून काढत होते.

इथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे, कारण आजच्या मुलांना एएम म्हणजे काय हे माहीत नाही, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. केंद्र एक ठरावीक लहर सतत सोडत असते. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे त्या लहरीची उंची कमीजास्त होते, तिची गती बदलत नाही. रेडिओ ती उंची मोजतो आणि आवाज परत उभा करतो. इतके सोपे असल्यामुळे त्याचा रेडिओ स्वस्त होता. पण याच सोपेपणामुळे वाटेतला प्रत्येक अडथळा आवाजात शिरे. ट्यूबलाइट लावली की गुरगुर, शेजाऱ्याने ड्रिल चालवले की तडतड. वीज कडाडली तर ती आधी रेडिओवर कळे. पेटीच्या आत लोखंडी भुकटीची एक काळी दांडी असते, तोच एरियल. तिचे टोक केंद्राकडे झाले की आवाज जवळजवळ बंद, आडवी झाली की खणखणीत. म्हणून रेडिओ खिडकीत तिरका ठेवलेला असे आणि पुसण्यासाठी कुणी हलवला की घरात आरडाओरडा होई.

युरोपात केंद्रांना एकमेकांपासून नऊ किलोहर्ट्झवर बसवले आहे. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी आंतरराष्ट्रीय करारानुसार सगळी केंद्रे थोडी थोडी सरकली, आणि रेडिओ लंडनही १४५७ वरून १४५८ वर आले. आमच्यातले एक निवृत्त गणिताचे शिक्षक हे आवर्जून सांगतात, की त्या दिवसापासून इथले मीडियम वेव्हचे आकडे नवाने भागले जाऊ लागले. करून पाहा, १४५८ ला नवाने भाग जातो. ठिपका मात्र हलवावा लागला नाही. काटाच त्या ठिपक्याहून जाड होता.

जागा अरुंद, म्हणून आवाजही अरुंद. तबल्याची चाट, सतारीच्या तारेची धार मीडियम वेव्हवर पोचतच नाही. पण चाळीस-पन्नासच्या दशकांतली गाणी मुळात ध्वनिमुद्रित झाली होती तीच एवढ्या मर्यादेत, त्यामुळे ती एएमवर अगदी घरच्यासारखी वाजत. पुढे तीच गाणी सीडीवर ऐकल्यावर आमच्यापैकी काहींना ती परकी वाटली. हा आवडीचा दोष असेल, पण तसे झाले खरे.

ऐंशीच्या दशकात आठवड्यातून एकदा या गाण्यांनी भागेना. साउथॉलमध्ये केबलवरून चालणारी आशियाई रेडिओसेवा होती, पण केबल ज्याच्या घरी त्यालाच ती. उत्तर लंडनमध्ये विखुरलेल्या आमच्या घरांना तिचा उपयोग नव्हता. मग १९८९ मध्ये, एका शहरातल्या एका समाजासाठी किंवा एका आवडीसाठी लहान केंद्रे काढायला परवाने मिळू लागले, आणि ५ नोव्हेंबर १९८९ रोजी सनराइज रेडिओ सुरू झाला. अवतार लिट यांचे हे केंद्र तेव्हा १४१३ वर होते आणि त्याचा पल्ला हॉन्स्लो, साउथॉल, ईलिंग या पश्चिमेकडच्या भागापुरता होता. नोव्हेंबरची पाच तारीख म्हणजे इथला गाय फॉक्सचा दिवस. बाहेर फटाके उडत होते आणि आत चोवीस तास हिंदी गाणी सुरू झाली होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तरी पुन्हा दिवाळी झाल्यासारखे वाटले. पण डॉलिस हिलला किंवा गोल्डर्स ग्रीनला १४१३ धड लागत नसे. काही मंडळी शनिवारी भाजीला साउथॉलला जात आणि गाडीत बसून तासभर रेडिओ ऐकून परत येत.

त्याच वेळी सरकारी धोरण बदलत होते. एकच कार्यक्रम एफएम आणि मीडियम वेव्ह अशा दोन्हींवर लावून दोन जागा अडवू नयेत, असे केंद्रांना सांगितले जात होते. बीबीसीच्या लंडन केंद्राने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपली मीडियम वेव्हची जागा सोडली आणि १४५८ रिकामी झाली. ती मिळाली सनराइजला. जिथे आठवड्यातून एकदा आपली गाणी लागत होती, त्याच ठिपक्यावर ती आता रात्रंदिवस लागू लागली. कुणाच्याही घरी काटा हलवावा लागला नाही!

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये ब्रुकमन्स पार्क म्हणून गाव आहे. तिथले प्रक्षेपण केंद्र १९२९ मध्ये सुरू झाले होते. १४५८ तिथून निघे. या लहरीची लांबी २०६ मीटर, आणि मनोरा साधारण तिच्या चौथ्या हिश्श्याचा लागतो, म्हणजे एकावन्न-बावन्न मीटर. बिग बेनच्या मनोऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. दिवसा अशी लहर जमिनीला धरून चालते आणि सगळे लंडन व्यापते. सूर्य मावळला की आभाळातला दिवसा लहर शोषून घेणारा थर विरतो, आणि दूरदेशीची केंद्रे आरशावरून यावीत तशी परतून येतात. अल्बानियातले एक दणकट केंद्र याच १४५८ वर होते. हिवाळ्यात चारलाच अंधार पडे, आणि रफीसाहेबांच्या मागे कुणी अनोळखी भाषेत भाषण देत असल्याचा भास होई. कडेच्या गावांत राहणाऱ्यांना तो जास्त.

दुसरी एक गोष्ट बर्मिंगहॅमला जाणाऱ्यांना आठवेल. तिकडेही १४५८ च होते, पण त्यावर बीबीसीचे एशियन नेटवर्क. लेस्टर आणि वेस्ट मिडलंड्स केंद्रांनी मिळून ३० ऑक्टोबर १९८८ रोजी ते सुरू केले होते. एम-वन रस्त्याने वर जाताना नॉर्थॅम्प्टनच्या आसपास दोन्ही केंद्रे एकमेकांत मिसळत. लंडनची आशाबाई आणि बर्मिंगहॅमची पंजाबी बोलणारी निवेदिका काही मैल एकदमच बोलत, मग आशाबाई मागे पडत. मागच्या सीटवर डबे सांभाळत बसलेल्या मुलांना हा खेळ फार आवडे. लंडन नक्की कुठे संपते हे आम्हाला नकाशापेक्षा त्यानेच कळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सनराइजवर हिंदी होती, पंजाबी, गुजराती, उर्दू, बंगालीची हजेरी होती. मराठी नव्हती. याबद्दल आपल्या मंडळींत वर्षानुवर्षे कुरकुर चालली आणि अजून कधी कधी चालते. आम्हाला मात्र केंद्राला दोष द्यावासा वाटत नाही. खासगी केंद्र चालते जाहिरातींवर. साडीचे दुकान, सोनार, विमानाची तिकिटे काढून देणारा, घाऊक किराणा, पुढे फोनकार्डे. निवेदक ज्या भाषेत बोलतो ती भाषा बोलणारा दुकानदार लागतो. आपली माणसे इस्पितळात, कचेरीत, कारखान्याच्या आरेखन विभागात. पगार चांगला, पण जाहिरात कशाची देणार? कल्याणचा हिशेबनीस आपल्या साहेबाच्या कंपनीची जाहिरात मराठीत द्या म्हणून सांगू शकत नव्हता. वेम्बलीच्या गुजराती दुकानातून आम्ही पोहे आणि साबुदाणा घेत होतो, आणि त्या दुकानाची जाहिरात गुजरातीतच लागणार, हे सरळ आहे.

दुसरा भाग आमच्या आळसाचा. १९९० च्या कायद्यानंतर अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या छोट्या प्रसारणाचा परवाना मिळू लागला होता. रमजानसाठी, वैशाखीसाठी लोकांनी तो घेतला, मशिदीच्या नाही तर गुरुद्वाऱ्याच्या एखाद्या खोलीत टेबल मांडून महिनाभर केंद्र चालवले. गणपतीच्या दहा दिवसांसाठी आम्ही कधी अर्ज केला नाही. सभेत विषय निघाला होता. कुणी म्हणाले, ऐकणार कोण. कुणी म्हणाले, नाटकाचा हॉल आधी ठरवा. हॉल ठरला आणि विषय मागे पडला. आज त्या सभेला बसलेल्यांपैकी दोघेतिघेच उरले आहेत आणि ती गोष्ट निघाली की ते तिघेही दुसरीकडे बघतात.

मग मराठी कशी पोचायची? चिठ्ठीने. गणेशोत्सवाची, नाटकाची, हळदीकुंकवाची सूचना आम्ही इंग्रजीत लिहून पाठवत असू, आधी पोस्टाने आणि मग फॅक्सने. निवेदक ती हिंदीत सांगत. एका केंद्रावर, नाव सांगत नाही, आमच्या ‘हळदीकुंकू’चे ‘हल्दी कुकिंग’ झाले आणि त्या रविवारी दोन पंजाबी बाई स्वयंपाक शिकायला म्हणून वही घेऊन आल्या. त्यांना वाण दिले, तिळगूळ दिला. त्यातल्या एक पुढे दरवर्षी येत राहिल्या. मृत्यूच्या सूचनाही अशाच जात. कुणी गेले की अंत्यविधीची जागा आणि वेळ आशियाई केंद्रावर सांगितली जाई. सकाळी कामावर निघालेला माणूस गाडीत ती ऐके आणि गाडी क्रिमेटोरियमकडे वळवी. त्या घोषणेत आडनाव मराठी असे, बाकी सारे वाक्य हिंदी. रेडिओवर आपले आडनाव आपण बहुतेक त्या एकाच प्रसंगी ऐकले.

आणि फर्माइशी. आमच्यातल्या एक बाई, नर्सिंगच्या रात्रपाळीवरून सातला घरी येणाऱ्या, एका वर्षी चिकाटीने फोन करून लताबाईंचे मराठी भावगीत मागत राहिल्या. तिकडून दर वेळी नम्रपणे सांगितले जाई की आमच्याकडे ती तबकडी नाही. शेवटी त्यांनी स्वतःची कॅसेट पाकिटात घालून पाठवली. ती एका सकाळी लागली. निवेदकाने आधी सांगितले की हे गाणे गुजराती आहे. बाईंनी पुन्हा फोन केला, आणि गाणे संपल्यावर दुरुस्ती झाली. कॅसेट काही परत आली नाही.

२०१४ मध्ये केंद्राची मालकी बदलली, सनराइज १४५८ वरून उठून दुसऱ्या जागी गेले आणि ठिपक्यावर लायका रेडिओ हे नवे नाव आले. तोवर बहुतेकांच्या स्वयंपाकघरात डिजिटल रेडिओ आला होता, मग फोन आला. बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी पुन्हा सुरू झाली, ती इंटरनेटवर. वेणू चितळ्यांच्या वेळी जे जमत नव्हते ते आता जमते. लंडनमध्ये बसून बीबीसीची मराठी मिळते, सांगलीला मिळते तशीच आणि त्याच क्षणी.

या लेखासाठी आम्ही सभासदांकडे जुन्या कॅसेटी मागितल्या होत्या. रेडिओवरून उतरवलेल्या, पिशवीभर मिळाल्या. बहुतेकांवर गाणी आहेत, आणि ती आज कुठेही मिळतात. पण १९७७-७८ च्या सुमाराची एक कॅसेट निराळी निघाली. त्या काळी तार जोडायची सोय नसलेल्या घरात रेकॉर्डर रेडिओपुढे ठेवून बटण दाबत. त्यामुळे ‘लंडन साउंड्स ईस्टर्न’ तर उतरला आहेच, शिवाय ते घरही उतरले आहे. व्हर्नन कोरिया पुढच्या गाण्याचे नाव सांगत आहेत. कुकरची शिट्टी होते. जिन्यावर पोराची पावले वाजतात. मग रेडिओच्या अलीकडून, अगदी जवळून, एका बाईचा दबका आवाज येतो : “अरे, आवाज बारीक कर जरा. बाबा आत्ताच निजलेत.” आणि पलीकडचे गाणे हळू होते.

या बाई आता नाहीत. जिन्यावरचा मुलगा साठीला आला आहे, कॅसेट त्यानेच आणून दिली. त्यावर आईचा आवाज आहे हे त्याला ठाऊक नव्हते. अशा कॅसेटी आणखी कुणाच्या माळ्यावर असतील तर गाणी आहेत म्हणून टाकून देऊ नका, आमच्याकडे आणून द्या. चालवून बघायला आमच्याकडे यंत्र आहे, आणि पट्टी तुटली असेल तर जोडून देणारा माणूसही आहे.